चेअरमनकाकूंचं ताट

आमच्या कॉलनीच्या कमानीवर 'शांत, सुसंस्कृत, कौटुंबिक वसाहत' असं रंगवलेलं आहे. यातल्या तिन्ही शब्दांवर माझा आक्षेप आहे. शांत म्हणावं तर पहाटे दूधवाल्याचा हॉर्न, मग हास्यक्लबाचं सामूहिक खिदळणं, मग घंटागाडीचं तेच ते गाणं. सुसंस्कृत म्हणावं तर गाडी कुणाच्या गेटसमोर लावली यावरून रविवारी जे शब्द निघतात ते मी पत्रकातसुद्धा छापू शकत नाही. राहता राहिला 'कौटुंबिक'. या एका शब्दाने आमच्या वरच्या खोलीतल्या तीन मुलींना रस्त्यावर आणायची तयारी केली होती, म्हणून तो मला सगळ्यात जास्त खटकतो.

नाशिक रोडला स्टेशनच्या मागे आमची रो-हाऊसं. एकाला एक चिकटलेली, प्रत्येकापुढे हातभर अंगण, अंगणात कढीपत्ता आणि एक हट्टी पेरू. निम्मी कॉलनी नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेली. माझे पप्पाही त्यातलेच. पप्पा रिटायर झाले आणि वरची खोली रिकामी पडली, तेव्हा आईने ती नर्सिंग शिकणाऱ्या तीन मुलींना दिली. थोरली सुरगाण्याकडची, दोघी पेठच्या बाजूच्या. सकाळी कॉलेज, आड आठवड्याला हॉस्पिटलात रात्रपाळी. येता-जाता जिन्यावर चप्पल वाजू देत नसत. इतक्या शांत मुली कॉलनीने याआधी पाहिल्या नव्हत्या, आणि बहुतेक तोच संशयाचा मुद्दा ठरला.

सोसायटीच्या बोर्डावर कागद लागला. भाड्याने जागा फक्त फॅमिलीलाच द्यावी. स्टुडंट, बॅचलर, वर्किंग यांना सक्त मनाई. सध्या राहत असलेल्यांनी महिनाअखेर जागा सोडावी. सही चेअरमनची.

चेअरमनकाका आमच्या समोरच राहतात. पप्पांबरोबर त्यांनी एकाच सेक्शनला उमर काढली. कागद लावून ते स्वतः सांगायला आले.

"जय भीम, भाऊ. राग मानू नका. तुमच्यासाठी म्हणून नियम नाही हो. जनरल आहे."

"जनरल आहे तर मग आमच्याच घरी कसा आला?" मी आतून विचारलं.

"आल्या पुढारी," काका म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

त्या संध्याकाळी थोरली खाली आली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच बसली. "ताई, होस्टेलला जागा नाय. विचारून आले मी. परीक्षा तोंडावर हाय. खोली गेली तर बाबा म्हणणार, चल घरी. आणि घरी गेले की पाहुणे बघायला यायचे. मग झालं माझं नर्सिंग." तिने हे अगदी सपाट आवाजात सांगितलं, जसं एखाद्या पेशंटचं तापमान सांगावं. मला मात्र ताप चढला.

मी पत्रकं लिहायला कॉलेजच्या गेटवर शिकले. पत्रकाचा नियम सोपा असतो: पहिल्या ओळीत प्रश्न, मधे संताप, शेवटी मागणी. रात्रीत मजकूर तयार केला. 'फॅमिली म्हणजे काय? कमिटीने उत्तर द्यावं!' खाली दणदणीत तीन परिच्छेद. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून गठ्ठा काढून आणला आणि सकाळी बागेत फिरणाऱ्या समस्त रिटायर्ड मंडळींच्या हातात एकेक ठेवला.

आता प्रेसमधली माणसं छापील कागदाचं काय करतात ते सांगायला हवं. ती तो वाचत नाहीत. आधी कोपरा अंगठ्याने चोळतात. मग कागद सूर्याकडे धरतात. मग उलटा करून मागून बघतात. बाकावरच्या एकाने माझं पत्रक डोळ्यांपासून लांब धरलं आणि मान हलवली.

"मार्जिन डावीकडे सरकलंय."

"शाई कच्ची आहे. बघ, बोटाला लागली," दुसरे म्हणाले.

"आमच्याकडे असता तर पूर्ण शीट रद्द केली असती."

"पण मजकूर? मजकूर कसा वाटला?" मी विचारलं.

"मजकूर? चष्मा घरी राहिला ना बेटा."

पप्पाही तिथेच होते. तेही कागद उजेडाला धरून उभे होते. निषेध कुणाकुणाचा करायचा?

पत्रकाने कुणी हललं नाही, तेव्हा मी कृती कार्यक्रमाकडे वळले. तो वैशाख महिना होता आणि कॉलनीत कुरडयांचा हंगाम सुरू होता. आमच्याकडे कुरडया एकटीदुकटीच्या नसतात. प्रत्येक घराचा दिवस ठरलेला. ज्या घरचा दिवस, त्या घरच्या गच्चीवर बाकीच्या बायका पहाटेच हजर. गहू भिजवून, वाटून, त्याचा पांढरा चीक काढून ठेवलेला असतो. तो मोठ्या पातेल्यात घोटून शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून दाबून कुरडया घालायच्या. थंड झाला की चीक घट्ट बसतो, मग सोऱ्यातून बाहेर यायचं नाव घेत नाही. म्हणून हात पुष्कळ लागतात आणि ते लगेच लागतात. कुरडया वाळल्या की त्यांचा वानवळा निघतो. म्हणजे थोड्या थोड्या ताटात घालून, वर रुमाल झाकून, घरोघर पाठवायच्या. ते ताट कुणी रिकामं परत करत नाही. रिकामं ताट म्हणजे संबंध संपला.

पुढचा दिवस चेअरमनकाकूंचा होता. मी दारोदार गेले. सांगितलं, नियम मागे घेईपर्यंत काकूंच्या गच्चीवर जायचं नाही. संपूर्ण बहिष्कार.

मला वाटलं होतं समजवायला लागेल. पण बायका इतक्या पटापट तयार झाल्या की मीच चकित झाले. एकीला गुडघ्याचा त्रास होता आणि पहाटे उठायचं वाचणार होतं. दुसरीच्या कुरडयांना काकूंनी मागच्या वर्षी 'जाड' म्हटलं होतं, ते तिने मनात वाळवून ठेवलं होतं. तिसरी म्हणाली, "मुलींचं काय ते माहीत नाही बाई, पण एकदा तिलाही कळू दे." चळवळीत पाठिंबा कुठल्या कारणाने मिळाला हे विचारायचं नसतं. तो मोजून घ्यायचा आणि पुढच्या दाराकडे निघायचं.

अडली फक्त माझी आई.

"मी जाणार," ती म्हणाली. भांडी घासत होती, मागे वळलीही नाही.

"आई, मुली आपल्याच घरात राहतात. आपणच फुटलो तर कसं?"

"आपण इथं राहायला आलो तेव्हा तू एवढीशी होतीस. पहिल्या उन्हाळ्यात सगळ्यांची ताटं आपल्या गेटसमोरून पलीकडे गेली. दुसऱ्या उन्हाळ्यात तेच. तू गेटला लटकून बघत बसायचीस, आई, ते रुमालाखाली काय आहे. तिसऱ्या वर्षी हीच बाई आली, ताट घेऊन. मी परत करताना शेंगदाण्याची चटणी दिली. हिने घरात नाही नेली. दारातच बोट लावून चव घेतली. सगळी गल्ली बघत होती." आईने तवा पालथा ठेवला. "आता तिच्या चिकाला मी नाही गेले तर कोण जाणार?"

या युक्तिवादाला पत्रकात उत्तर नाही. पण गप्प बसणं माझ्या अंगी नाही, म्हणून म्हणाले, "तेव्हा तिने दार उघडलं आणि आता लावून घेतेय. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत ना?"

आईने ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "नाही जात. पण माझ्याशी बोलू नकोस."

त्या सकाळी उजाडता उजाडता मी गेटवर उभी होते. समोरच्या गच्चीवर शेगडी पेटली होती. पातेल्यातून वाफ निघत होती, हिंगाचा वास गल्लीभर. काकू एकट्याच लाकडी दांड्याने चीक घोटत होत्या आणि दर मिनिटाला खाली रस्त्याकडे बघत होत्या. रस्ता मोकळा. आजूबाजूच्या खिडक्यांचे पडदे तेवढे हलत होते; पहाटे उठायचं वाचलं म्हणून खूश झालेली प्रत्येक बाई पडद्यामागे उठून उभी होती.

शेवटी काकूंनी काकांनाच सोऱ्यावर बसवलं. काका दाबत होते. एक कुरडई घातली की मान वाकडी करून तिच्याकडे बघत होते.

"ही गोल नाही आली. रिजेक्ट."

"अहो, नोटा नाहीत त्या! दाबा!"

"ही पण तुटली बघ कडेला."

"चीक गार होतोय, तुम्ही दाबता का मी दाबू?"

"खांदा दुखतोय गं."

बहिष्कार यशस्वी होत होता. आत आईने भांडी अशी आपटली की मला दोन घरांपलीकडेही ऐकू आली असती. मी तरी ठाम होते. मागणी मान्य करा आणि हात मिळवा, हे साधं तत्त्व आहे.

तेवढ्यात कोपऱ्यावर रिक्षा थांबली आणि आमच्या तिघी रात्रपाळी करून उतरल्या. पांढरे युनिफॉर्म, डोळे सुजलेले, खांद्याला पिशव्या. थोरलीने वास घेतला, वर पाहिलं. पातेलं, काकू, काका, सोऱ्या. बाकीच्या दोघींकडे एकदा बघितलं. आणि तिघी सरळ समोरच्या गेटातून आत शिरल्या.

"अगं, कुठे चाललात? बहिष्कार आहे!" मी ओरडले.

थोरली जिन्याशी चप्पल काढत थांबली. "कुणाचा?"

"आपला! तुमच्यासाठीच तर आहे!"

"आमाला कुणी सांगितलंच नाय."

हे खरं होतं. सगळ्या कॉलनीला सांगितलं होतं. त्या ड्यूटीवर होत्या.

"आता सांगतेय ना! वर जाऊ नका."

"ताई, चीक थांबतो का?" ती म्हणाली आणि गेली वर.

तिघी गच्चीवर पोचल्या. काकूंनी तिघींकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग विचारलं, "हात धुतलेत का?"

"काकू, रात्रभर तेच करतोय," थोरली म्हणाली.

काकूंनी सोऱ्या तिच्या हातात दिला. काका खांदा चोळत इतक्या घाईने बाजूला झाले की रिजेक्ट केलेल्या कुरडयांवर त्यांचाच पाय पडला. थोरलीची पहिली कुरडई कावळ्याच्या घरट्यासारखी झाली. तिच्या गावाकडे नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड करतात, कुरडया नाहीत. "पहिली वाकडीच येते," काकू म्हणाल्या, "दुसरी घाल, हात फिरव, हात." दुसरी बरी आली. तिसरी काकांनी पास केली.

माझ्या शेजारून पदर खोचत कुणीतरी झपाट्याने गेलं. आई.

"आई!"

"ज्यांच्यासाठी बहिष्कार, त्याच गेल्या. संपला तुझा बहिष्कार," ती रस्ता ओलांडता ओलांडता म्हणाली. तिचं माझ्याशी बोलणं तिथून सुरू झालं. मग पडदे बाजूला झाले, कड्या वाजल्या, आणि गुडघेवालीसकट अख्खी गल्ली जिना चढून वर. ती 'जाड'वाली तर जाताना मला म्हणाली, "पुढारी, चल की. एकटी काय झेंडा धरून उभी राहणार?"

मी गेले. वाटीत गरम चीक, वर कच्चं तेल, हे मी नाकारू शकत नाही. माझं अजूनही म्हणणं आहे की बहिष्कार योग्य होता. फक्त ज्यांच्यासाठी लढायचं त्यांची ड्यूटी कधी संपते हे बघून तारीख ठरवायला हवी होती.

कुरडया वाळल्या. एका संध्याकाळी काका दोन ताटं घेऊन आमच्या दारात आले. दोन्हींवर रुमाल.

"हे तुमचं, भाऊ. आणि हे," ते वर बघून पुटपुटले, "वर द्यायला सांगितलंय हिने."

आई दुसऱ्या ताटाकडे बघत राहिली. काका गेल्यावर तिने रुमाल उचलला, परत ठेवला.

"तुला कळलं का?" मला म्हणाली.

"कुरडया आहेत."

"वानवळा घराला जातो. खोलीला नाही जात."

मी म्हटलं, हे सोसायटीच्या नियमात कुठे आहे? ती म्हणाली, तू सगळं नियमातच शोध.

रविवारी काकांच्या पोर्चमध्ये कमिटीची मीटिंग बसली. मी नेहमीप्रमाणे न बोलावता हजर. पाण्याच्या टाकीवर अर्धा तास गेला, कुत्र्यांवर अर्धा. मग सेक्रेटरींनी घसा साफ केला. "तो भाडेकरूंचा विषय. महिना संपत आला. भाऊंच्या वरच्या मुली कधी जाणार?"

मी उठून उभी राहिले. पत्रकातला पहिला परिच्छेद पाठ होता. पण काकू चहाचा ट्रे घेऊन त्याच वेळी दारात आल्या.

"त्यांच्याकडे माझं ताट आहे," त्या म्हणाल्या.

"हो, पण वहिनी, नियम…"

"ताट परत आल्याशिवाय कुणी कुठे जायचं नाही. माझ्या लग्नातलं आहे ते." आणि सेक्रेटरींच्या हातात कप दिला, असा की त्यांना दोन्ही हात गुंतवावे लागले. काकांनी विषय पुढे ढकलला. कुत्र्यांवर पुन्हा चर्चा सुरू झाली.

मी धावत घरी आले, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. "ऐका! ते ताट परत करायचं नाही. अजिबात नाही. जोवर ते इथे आहे तोवर तुम्हाला कुणी काढू शकत नाही!" असा भक्कम कायदेशीर आधार मला आजवर मिळाला नव्हता.

धाकटीने तोंडावर हात ठेवला.

"लोकांचं ताट ठेवून घ्यायचं?" थोरली म्हणाली. "ताई, काय बोलता तुम्ही? आमच्या गावात असं केलं तर लग्नाला बोलवत नाय कोणी."

"अगं पण तेच तर वाचवतंय तुम्हाला!"

"मी भावाला निरोप दिलाय. एसटीत नागलीचे पापड देणार हाय तो. आले की ताट जाणार. रिकामं कसं द्यायचं म्हणून थांबलो होतो, नायतर कालच दिलं असतं."

तिची परीक्षा तोंडावर, खोली जायची वेळ, घरी पाहुणे टपून बसलेले, आणि ही बाई आपला एकमेव हुकमाचा पत्ता पापडांसकट परत करणार होती. मी आईकडे तक्रार घेऊन गेले. आई म्हणाली, "शहाणी आहे मुलगी." मला कुणी शहाणी म्हटलं नाही.

पापड आले. तपकिरी, पातळ, कडेला थोडे मुडपलेले. थोरलीने ते ताटात रचले, रुमाल धुऊन इस्त्री करून वर झाकला आणि रस्ता ओलांडला. मी गेटवर. आई माझ्या मागे. खिडक्यांचे पडदे आपापल्या जागी हलायला लागले.

काकूंनी दार उघडलं. ताट घेतलं, रुमाल उचलला. आता त्या ताट आत नेणार, दार लावणार, आणि उद्या सेक्रेटरी विचारणार. काकूंनी एक पापड काढला. कच्चाच. कडेचा तुकडा मोडला आणि दारात उभ्या उभ्या तोंडात टाकला.

आईने माझा दंड धरला. बराच घट्ट.

"तीळ घातलेत का?" काकूंनी विचारलं.

"हो काकू. आणि जिरं."

"तळून बघते. थांब, जाऊ नकोस." त्या आत गेल्या आणि आल्या त्या तेच ताट घेऊन. आता त्यात कैरीचं लोणचं. "या वेळी ताट तुझ्याकडून आलंय. तुला रिकाम्या हाताने कसं पाठवू मी?"

तेव्हापासून ते ताट आमच्या गल्लीत सतत फिरतंय. लोणच्याच्या बदली नागलीचं पीठ, पिठाच्या बदली लाडू, लाडवांच्या बदली रानातल्या करवंदांची बाटली. ते ज्या घरी असेल त्या घराकडून उत्तर येणं बाकी असतं, त्यामुळे भाडेकरूंचा विषय दर मीटिंगला पुढे ढकलला जातो. थोरलीने परीक्षा दिली, पास झाली, नोकरीला लागली. खोली तीच. गावाकडच्या पाहुण्यांना तिच्या बाबांनीच कळवलं, मुलीला ड्यूटीतून सुट्टी मिळत नाही. काकांची शुगर आता तीच बघते आणि त्यांना पेढ्यावरून जी बोलणी बसतात ती ऐकायला मी मुद्दाम गेटवर येते.

सगळे म्हणतात, झालं ना मनासारखं? तर नाही झालं. बोर्डावरचा कागद अजून आहे. मी काकांना विचारलं तर हसून म्हणाले, "राहू दे ना. त्या फॅमिलीच आहेत की आता." म्हणजे फॅमिली ठरायला आधी पहाटे गच्चीवर येऊन चीक दाबायचा! आणि उद्या जो भाडेकरू येईल त्याला सोऱ्या धरता येत नसेल तर? त्याची रात्रपाळी बरोबर कुरडयांच्या दिवशी संपत नसेल तर? त्याने राहायचं कुठे? माझ्या आईला दोन उन्हाळे गेटवर थांबायला लागलं होतं, ते कुठल्या कागदावर लिहिलं होतं?

परवा ताट परत जायची पाळी आमच्या वरच्या खोलीची होती. थोरली ड्यूटीवर निघाली होती, म्हणाली, "ताई, तुम्ही द्याल?" ताटात पापड होते. मी नवं पत्रक काढलंच होतं, 'बोर्डावरचा कागद काढा!' एक प्रत ताटात अंथरली, पापड त्यावर रचले, रुमाल झाकला आणि समोर गेले.

दार काकांनी उघडलं. पापड बाजूला सरकवून त्यांनी कागद ओढून काढला. कोपरा अंगठ्याने चोळला. मग दाराबाहेर येऊन उन्हाकडे धरला, मागून पाहिला.

"या वेळी मार्जिन बरोबर आलंय," ते म्हणाले.

"अहो, मजकूर वाचा, मजकूर!" आतून काकूंचा आवाज आला.

"चष्मा…"

"फ्रीजवर आहे!"

काका आत गेले. मी उंबऱ्यावर ताट धरून उभी राहिले. ताट माझ्या हातात होतं आणि त्यात अजून पापड होते, त्यामुळे मला कुणी जा म्हणू शकत नव्हतं.